पाच रेघा आणि बाबांची अक्षरं

पेनगार्थ, ३ मार्च १९५७

चि. इथेल यास तेगवेनताईचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. लंडनात शाई मिळेनाशी झाली का रे? इकडे सगळे खुशाल. दगडाला गिऱ्हाईक नाही म्हणून तुझे मेहुणे खाणीवर चारच दिवस जातात, आणि उरलेले तीन माझ्या पावात मनुका कमी पडल्या म्हणून कुरकुरतात.

खरी गोष्ट निराळीच. बाबांना ऐकू येईनासं झालंय. कबूल कुठले करायला! चॅपलमध्ये प्रार्थनागीतं गाववताना खर्जातले पुरुष मागे पडतात ते त्यांना कळत नाही. गेनोरबाई पुढच्या बाकावरून पायाने ताल धरतात, तो बघून ते हात हलवतात. उन्हाळ्यानंतर काहीच ऐकू येणार नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले.

मे महिन्याच्या मेळाव्यात नऊ चॅपलं एकत्र गातील, ते बाबांच्या हाताखाली शेवटचंच. जन्मभर परक्यांच्या चाली गाववल्या रे त्यांनी. एक तुझी ऐकू दे. रेडिओवर तू रचलेलं संगीत ऐकून मांडणीवरची भांडी कोसळली की काय, असं ते म्हणाले होते. ते सहा वर्षं धरून बसलायस. आता पुरे.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी ताई

लंडन, १६ मार्च

ती. ताईस इथेलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर हाताला काम सुचलं नाही. भिंतीवरचा तो स्वरांचा तक्ता आठवला. बाबा छडी नाचवायचे आणि छडी जाईल तिथे आम्ही पोरं गळा न्यायचो. मी चुकलो की छडी तिथेच थांबायची, आणि सगळं चॅपल माझ्याकडे बघायचं. मला जे संगीत येतं ते तिथलंच आहे ताई. इथे कुणाला सांगितलं तर हसतील.

चाल सोबत पाठवतोय. चार आवाजांची, साधी. एकही भांडं कोसळत नाही, असं बाबांना सांग.

मेहुण्यांना नमस्कार. तुझ्या रागाला पात्र असलेला,

इथेल

पेनगार्थ, २४ मार्च

चि. इथेल यास अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

अरे शहाण्या, काय पाठवलंस हे! तुमच्या लंडनच्या स्वरलिपीतल्या पाच रेघा आणि त्यावर मुंग्यांसारखे ठिपके. इथे ठिपके वाचतं कोण? अख्खं खोरं दो-रे-मीच्या अक्षरांवर गातं, त्याच परीक्षेचं प्रमाणपत्र बाबांनी आईच्या फोटोशेजारी लावलंय, आणि तू ते साफ विसरलास! तक्त्याच्या आठवणी मात्र पानभर.

बाबांनी कागद हातात धरला, पुष्कळ वेळ बघितला, घडी घातली आणि बायबलमध्ये ठेवून दिला. वर म्हणाले, मोठ्या लोकांचं मोठं लिहिणं. संध्याकाळी तालमीला गेले नाहीत. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांना वाटतंय की तू मुद्दाम हिणवलंस. मला रडू आलं रे.

मेळाव्याला सहा आठवडे राहिलेत. काहीतरी कर.

रागावलेली तरी तुझीच,

ताई

लंडन, २९ मार्च

ती. बाबांच्या चरणी इथेलचा शिरसाष्टांग नमस्कार.

हिणवलं नाही बाबा. विसरलो, आणि ते जास्त वाईट. इथे सगळे ठिपकेच लिहितात, हाताला सवय पडली. आता चारही आवाज अक्षरांत उतरवलेत. चौदा वर्षांनी अक्षरं लिहिताना हात अडखळत होता. कुठे चुकलं असेल तर छडी तिथे थांबवा.

आपल्या आशीर्वादाची वाट पाहणारा,

इथेल

पेनगार्थ, ७ एप्रिल

चि. इथेल यास बाबांचे आशीर्वाद.

वि. वि. पत्र लिहायचा मला सराव नाही. तुझी आई असती तर तिने लिहिलं असतं.

चाल मिळाली. तिसऱ्या ओळीत बायकांच्या खालच्या आवाजाला जो 'सो' दिलास, त्याची खालच्या सप्तकाची खूण अक्षराच्या पायाशी हवी, तू डोक्याशी काढलीस. तसं गायला गेली तर गेनोर टाचा उंचावून किंचाळेल. मी दुरुस्त केलंय. चालीला नावही नव्हतं. आपल्यात चालीला गावाचं नाव देतात, हेही तुला सांगायचं का? 'पेनगार्थ' लिहिलंय.

काल तालीम झाली. लोकांनी शेवटचं कडवं आपणहून परत उचललं. माझ्या हाताच्या इशाऱ्यानं नाही, आपणहून.

पहिल्या कागदाचं सांगतो. मी रागावलो नव्हतो. मला वाचता आलं नाही, आणि मुलानं लिहिलेलं वाचता येत नाही हे तेगवेनसमोर म्हणायची लाज वाटली.

दुसरीही एक गोष्ट तिला सांगू नकोस. काल सगळे गात होते तेव्हा मला बायकांचा आवाज येत होता, पुरुषांचा नाही. खालची ओळ मी कागदावर बघून मनात म्हणत होतो. चांगली आहे. पण कानांनी ऐकायची आहे.

तेव्हा मेळाव्याच्या दिवशी तू इथे ये. माझ्या उजव्या बाजूला उभा राहा आणि खर्जाची ओळ माझ्या कानाशी गा. मोठ्याने गा. लोक काय म्हणतील ते मी बघतो.

बाबा