तळघर कुणासाठी

२ जुलै २०१६, शनि.
ग्रँट बिल्डर सकाळी आठला हजर. तळघरातलं सगळं बाहेर काढलं: कुजलेलं कार्पेट, आमच्या इराची लहानपणची सायकल, आधीच्या मालकाचे रंगाचे डबे. हिल्सबरो उपनगरातल्या उतारावरचं पन्नास वर्षांचं घर, रस्त्याकडून तळघर, बागेकडून तळमजला. मागच्या भिंतीला ओल. ग्रँट म्हणाला, "शी'ल बी राइट," म्हणजे होईल सगळं ठीक. हे ऐकलं की मला जास्तच धास्ती वाटते.
आई-बाबा दिवाळीआधी येतायत, सहा महिन्यांसाठी. तिकिटं काढली आणि मग मेधाला सांगितलं. भांडण होणार हे धरूनच चाललो होतो. ती एवढंच म्हणाली, "मग तळघर नीट करून घेऊ." इतक्या सहज? सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये घालवली आहेत. पहिल्याच फटक्यात सगळं पास झालं की माझ्या मनात पाल चुकचुकते.

१० जुलै, रवि.
मे. स्वतः नकाशा काढत बसली. आ-बांची खोली म्हणजे पलंग, कपाट, हीटर. हिने शॉवर, बेसिन आणि छोटा ओटासुद्धा काढलाय. बागेकडून वेगळं दार आहेच.
"ओटा कशाला?"
"असू दे की."
हे काय उत्तर झालं?
संशय क्र. १: आ-बांना खालीच ठेवायचा बेत. चहा खाली, जेवण खाली, वर यायचं कारणच नाही.

२३ जुलै, शनि.
आठवडाभर पाऊस. ग्रँटने भिंतीमागे चर खणून पाइप टाकला. सहज विचारल्यासारखं करून त्याला विचारलं, हे सगळं कसं काय ठरलं? म्हणाला, तुझ्या मिसेसला काय हवंय ते अगदी पक्कं माहीत आहे. म्हणजे त्याला माहीत, मला नाही.
शॉवरमध्ये धरायला दांडा लावू म्हटलं, बाबांचे गुडघे दुखतात. मे. म्हणाली, "नको." बस्स, नको. संताप आला. गिळला.

७ ऑग., रवि.
तळघराच्या छतात इन्सुलेशन. मे.ने दुप्पट जाडीचं मागवलंय, वरचा आवाज खाली येऊ नये म्हणून. वर कसला आवाज? वर तर आपण तिघंच. आपण काय गरबा खेळतो?
संशय क्र. २: भाडेकरू. आ-बा परत गेले की भाड्याने देणार. पण मग मला सांगायला काय हरकत होती...

२० ऑग., शनि.
इराला नेटबॉलला सोडताना गाडीत विचारलं, आजी-आजोबांची खोली कशी होतेय?
"इट्स नॉट फॉर आजी, बाबा."
"मग कुणासाठी?"
"आस्क मम."
नऊ वर्षांची पोर. घरात मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत.

४ सप्टें., रवि.
उद्या गणपती. मखर अर्धंच झालंय.
काल पलंग आला. सिंगल. एकच. तिचं शिवणाचं मशीन आणि पुस्तकं खाली गेलेली दिसली. वाचायचा दिवाही.
वेगळं दार, ओटा, शॉवर, एक पलंग. मे. वर नारळ खवत होती, कसलंसं गाणं गुणगुणत. किती दिवसांनी गुणगुणताना ऐकलं तिला. विचारायची हिंमत झाली नाही. भीती वाटतेय, सरळ लिहून टाकतो.

१७ सप्टें., शनि.
विचारलं. ती कणीक मळत होती.
"खाली कोण राहणार?"
"मी."
"आणि आई-बाबा?"
"वर, आपल्या खोलीत. तू हॉलमध्ये. त्यांना तू जवळ हवास."
"मला न विचारता ठरवलंस?"
"तुला मला न विचारता सहा महिन्यांसाठी बोलावता येतं. मला एक खोली करता येणार नाही?"
२०१३ला ते आले तेव्हा ती सहा महिने इराच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपली. नोकरी, शिवाय दोन्ही वेळा गरम पोळ्या. मी सगळ्यांना सांगत फिरायचो, मेधाला काही त्रास नाही. तिला विचारलं होतं का? नाही. लाज वाटते.
"ते गेल्यावर वर येशील ना?"
"बघू."
संशय क्र. ३ लिहीत नाही.

२५ सप्टें., रवि.
खालच्या भिंतींना रंगाचा दुसरा हात दिला. मी रोलर मागितला तर तिने दिला. तासभर दोघं रंगवत होतो. ओल अजिबात नाही आता.
आईचा फोन. "मेधा खूश आहे ना रे, आम्ही येतोय म्हणून?" हो म्हटलं. परत खोटं बोललो. शनिवारी, ८ ऑक्टो.ला पोहोचतायत.

५ ऑक्टो., बुध.
घरून काम. ग्रँटचं शेवटचं काम: आतल्या जिन्याच्या वरच्या टोकाला दार. दार बसवलं आणि कडी हातात घेऊन माझ्याकडे बघत उभा. "विच साइड, मेट?" वरून लावायची की खालून.
मे.ला ऑफिसात फोन लावला, स्पीकरवर. ती त्यालाच म्हणाली, "नॉट ऑन माय साइड, ग्रँट. ऑन हिज, इफ ही वॉन्ट्स."
ग्रँटने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे ठीक आहे, म्हणाला, कडी पायरीवर ठेवली आणि गेला.
सहाला मे. आली ती बागेकडच्या दाराने परस्पर खाली. इरा पळत गेली, दहा मिनिटांनी वर आली, भूक लागली म्हणाली. तिला वरण-भात वाढला.
आता जिन्याच्या दारापाशी, वरच्या बाजूला बसून लिहितोय. खाली दिवा लागलाय. तिला विचारायचंय, वर येशील का म्हणून नाही, नुसतं कशी आहेस म्हणून. दार लोटलेलं आहे. टकटक करून जावं की तसंच जावं, कळत नाहीये. बारा वर्षांच्या संसारात हे कधी ठरवावं लागलं नव्हतं.