आधी उलटेल त्याला आधी

प्रिय स्वरदा,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज आधी भांडण. समोरच्या सुधाकर भावजींनी तुला फोन करून काय काय सांगितलं ते मला कळलं. कमलिनीवहिनी (म्हणजे मी) दर रविवारी उन्हात पोरांच्या घोळक्यात उभ्या असतात, हातात खेळण्यातल्या गाडीचा रिमोट असतो, हात थरथरत असतात आणि लोक हसतात. यातलं लोक हसतात एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. भावजी गच्चीवरून दुर्बीण लावून बसतात की काय कोण जाणे! आणि तूही त्यांचं ऐकून लगेच मला फोनवर फैलावर घेतलंस. बँकेने सही जुळत नाही म्हणून माझा चेक परत केला, हे मीच तुला हसत हसत सांगितलं होतं. त्यातून तू काय काढलंस, तर घर विकायचं मुखत्यारपत्र. प्रतीकरावांनी ते छापून कुरिअरने पाठवलंसुद्धा. मी खाली कशीबशी एक सही करायची, मग भोपाळमधलं शाहपुऱ्याचं हे घर तुम्ही विकणार आणि मला पुण्याला नेऊन तुमच्या मागच्या खोलीत ठेवणार. बँकेला न चालणारी सही तुम्हाला मात्र चालणार आहे, याची मला गंमत वाटली. रागही आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे.

आधी तो ट्रक काय आहे ते नीट ऐक, कारण तू त्याला तीनदा खेळणं म्हणालीस. हातभर लांबीचा आहे, चारही चाकं जाडजूड, प्रत्येक चाकामागे तेल भरलेला शॉकअप. बॅटरीवर चालतो आणि मातीतून असा सुटतो की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दोन पावलं मागे सरले होते. कलियासोतच्या बाजूला फिरायला जाताना एका पडीक मैदानात पोरं हे ट्रक पळवताना दिसली. मुरमाचे उंचवटे, वळणं, मध्ये उडी मारायची जागा. मी कठड्याशी उभी राहिले आणि फिरणं राहूनच गेलं. त्या सगळ्यांचा म्होरक्या उदय म्हणून आहे, हबीबगंजला स्कूटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. (स्टेशनचं नाव बदललं तरी मी हबीबगंजच म्हणणार, त्यावरूनही तू मला टोकू नकोस.) त्याला मी विचारलं, अरे, तुझा ट्रक डाव्या वळणावर मागून का फेकला जातो? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “आंटी, आपको दिखा?” दिसणार नाही तर काय! कारखान्याच्या तपासणी विभागात जन्म गेला माझा. कुठला भाग किती हलतो, का हलतो, हेच बघायची नोकरी होती. त्या दिवाळीला तू मला साडी घे म्हणून बजावलं होतंस. मी हा ट्रक घेतला.

आता हातांचं. डॉक्टरांनी तुला फोनवर सांगितलंच आहे की हा तो मोठा रोग नाही, नुसता कंप आहे, वाढेल तर हळूहळू वाढेल. चहाचा कप मी अर्धाच भरते, सुईत दोरा ओवत नाही आणि माझं काही अडत नाही. पण ट्रकचं स्टिअरिंग म्हणजे रिमोटवरचं एक छोटं चाक. बोट थरथरलं की ट्रक सापासारखा वळवळत जायचा. उदयने मला रिमोटमधली एक सोय दाखवली. चाक मधल्या जागेच्या आसपास थोडंसं हललं तर गाडी जवळजवळ दुर्लक्षच करते, मुद्दाम जास्त फिरवलं तरच वळते. ती सोय मी पुरेपूर वापरली. माझी थरथर आता त्या मधल्या जागेत जिरून जाते आणि ट्रक नाकासमोर धावतो. हात तेच आहेत, बाई. गाडीला फक्त समजावून सांगावं लागलं की यातलं काय ऐकायचं आणि काय सोडून द्यायचं. तुझ्याकडे अशी सोय असती तर आपली निम्मी भांडणं झाली नसती!

पण ट्रक सरळ धावायला लागला तरी वळणावर उलटायचा. इथे माझा कारखाना आडवा आला. सगळं आयुष्य सांध्यातली ढिलाई शोधून ती नाहीशी करण्यात गेलेलं, त्यामुळे मी ट्रकचा प्रत्येक सांधा पातळ चकत्या घालून घट्ट केला, शॉकअपमध्ये सगळ्यात दाट तेल भरलं, सगळ्यात कडक स्प्रिंगा लावल्या. टेबलावर असा दिसायचा की तपासणीत पहिल्या फटक्यात पास झाला असता. ट्रॅकवर पहिला उंचवटा लागला आणि तो टुणकन उडून पाठीवर पडला. चाकं वर, गरगर फिरताहेत.

आता इथला नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ट्रक चालवणाऱ्यांनी एका मचाणावर उभं राहायचं, शर्यत संपेपर्यंत खाली उतरायचं नाही. आधीच्या शर्यतीत जे धावले ते पुढच्या शर्यतीत वळणावळणावर उभे राहतात आणि उलटलेले ट्रक सरळ करून देतात. ही पाळी कुणालाही चुकत नाही. आणि दोन ट्रक उलटले तर जो आधी उलटला त्याला आधी उचलायचं. मग तो मित्राचा असो की वैऱ्याचा.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या शर्यतीत माझा ट्रक पुन्हा पुन्हा उलटला, आणि तरी माझा तिसरा नंबर आला. कप मिळाला, टाळ्या पडल्या, सगळ्यांनी मिळून पोहे-जिलेबी खाल्ली. फोटो मी तुला पाठवला होता, तू त्यावर नुसतं वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलंस. मग दोन दिवसांनी उदयच्या बहिणीने मोबाइलवर काढलेलं चित्रण बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा ट्रक उलटला रे उलटला की दोन दोन पोरं त्याच्याकडे धावत होती. शेजारी दुसऱ्यांचे ट्रक आधीपासून पाठीवर पडलेले, त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. शिवाय मला वळणावर उभंही राहू दिलं नव्हतं, “आप बैठिए आंटी, धूप है” म्हणून खुर्ची दिली होती, आणि मी मूर्खासारखी बसले होते. ज्याचा तिसरा नंबर खरा होता तो अशोक म्हणून एक अबोल मुलगा आहे, टी. टी. नगरला कुठल्याशा सरकारी कचेरीत कामाला आहे. तो माझ्यासाठी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता. मी कप पिशवीत घातला, रिक्षा केली आणि उदयच्या दुकानात जाऊन त्याच्या टेबलावर ठेवला. अशोकचा आहे, त्याला दे, म्हटलं. तो गोंधळला. म्हणाला, “आंटी, हमने तो प्यार में किया.” मी म्हटलं, प्रेम करायचं तर घरी येऊन साबुदाण्याची खिचडी खा. ट्रॅकवर मला नियम हवा. आणि पुढच्या वेळी मीही वळणावर उभी राहणार, खुर्ची तुझ्या दुकानात ठेव.

स्वरदा, मला किती अपमान वाटला ते तुला सांगूनही पटायचं नाही, कारण तूही तेच करते आहेस. प्रेमाने करते आहेस, ठाऊक आहे मला. पण तू बारावीनंतर पुण्याला जायचं म्हणालीस तेव्हा घरात काय गहजब झाला होता आठवतो? तुझे बाबा गेल्याला वर्षही झालं नव्हतं. मुलगी एकटी वसतिगृहात कशी राहील, भोपाळात कॉलेजं नाहीत का, असं सगळे म्हणत होते. हेच सुधाकर भावजी सोफ्यावर बसून मला समजावत होते. आणि तू तर साधा स्टोव्ह पेटवायला घाबरायचीस. मला भीती वाटत नव्हती असं समजू नकोस. तरी स्टेशनवर तुला गाडीत बसवलं आणि डबा हलल्यावर हात सोडला. तू तिथे जाऊन आजारी पडलीस, रडलीस, एका विषयात नापासही झालीस. प्रत्येक वेळी मला वाटायचं, उठावं आणि घेऊन यावं. तू बोलावलं नाहीस, म्हणून मी आले नाही.

कप परत केला आणि मी ट्रक पुन्हा उघडला. कुणाला मला उचलायची संधीच द्यायची नाही, असं ठरवूनच बसले. घातलेल्या सगळ्या चकत्या काढल्या. सांध्यांना हलायला जरा जागा दिली. दाट तेल काढून पातळ भरलं, मऊ स्प्रिंगा लावल्या, म्हणजे खड्डा आला की चाक खाली-वर होईल आणि वरचा सांगाडा शांत राहील. ट्रक जमिनीजवळ आणला, बॅटरी अगदी तळाशी सरकवली, चाकं बाहेरच्या बाजूला सरकवून फाकवली. मागच्या चाकांची तोंडं किंचित आत वळवली, त्याने शेपूट फेकली जात नाही. वेग थोडा गेला, जाऊ दे. स्क्रू बसवताना हात थरथरतो म्हणून मनगट एका जाड पुस्तकावर टेकवून काम करते. वेळ लागतो. मला कुठे जायचंय?

परवाच्या रविवारी शर्यत झाली. आठ ट्रक होते. माझा पाचवा आला आणि एकदाही उलटला नाही. कुणाचा हात त्याला लागला नाही. टाळ्याही पडल्या नाहीत, कारण पाचव्या नंबराला कोण टाळ्या वाजवतं? मी मचाणावरून उतरले ती थेट वळणावर जाऊन उभी राहिले. पुढच्या शर्यतीत उदय पहिला होता, अशोक त्याच्या अगदी बरोबरीला. शेवटच्या फेरीत माझ्यासमोर अशोकचा ट्रक उलटला, आणि त्याच्या पाठोपाठ उदयचा. उदयचा अगदी माझ्या पायाशी पडला होता. मी त्याला ओलांडून गेले, आधी अशोकचा सरळ केला, मग परत येऊन उदयचा. या थरथरत्या हातांनीच. तेवढ्यात अशोक पुढे निघून गेला आणि जिंकला. उदय मचाणावरून उतरला तो ओरडतच. “आंटी, ये क्या किया! मेरी गाड़ी पैरों में पड़ी थी आपके, दिखती नहीं?” सगळ्यांसमोर, तोंड लाल करून, जसा तो इतर पोरांवर ओरडतो तसा. मीही आवाज चढवला. म्हटलं, पहले कौन उलटा, वो बोल! आमचं चांगलं जुंपलं. स्वरदा, कितीतरी दिवसांनी माझ्याशी कुणीतरी धड भांडलं. घरी येताना मी रिक्षात गाणं गुणगुणत होते.

आता हे पत्र का, ते सांगते. फोनवर तू रडतेस आणि मग माझं बोलणं राहून जातं, हे एक. दुसरं म्हणजे तू म्हणालीस, आई, तुझं अक्षर आता कुणाला लागतही नाही. ते वाक्य मला लागलं. म्हणून शेजारच्या पल्लवीच्या मुलीकडून टाइप करून न घेता सगळं माझ्या हाताने लिहिलं आहे, मनगट त्याच जाड पुस्तकावर टेकवून. ओळी वाकड्या आहेत. पण इथपर्यंत वाचता आलं ना तुला? मग झालं. कालच बँकेत जाऊन आले आणि माझी आत्ताची, कापरी सही तिथे नव्याने नोंदवून आले. आता तीच माझी सही. प्रतीकरावांचं मुखत्यारपत्र सोबत परत पाठवते आहे, खालची जागा कोरी आहे. ती मी भरणार नाही. घर विकायचं नाही आणि मी येणार नाही. तू ये. डिसेंबरात शर्यत आहे, टोपी घालून वळणावर उभी राहा. ट्रक उलटला तर उचल, आणि कधी मी उलटले तर मलाही उचल, मी नाही म्हणणार नाही. पण उलटल्यावर. त्याच्या आधी नाही.

तुझीच, अजून चारही चाकांवर असलेली,
आई