त्याच्या आईला लिहिलेल्या दोन ओळी

ताई, तुला वाकून नमस्कार.

मी बरा आहे. पोटभर जेवतो. आईचा गुडघा कसा आहे?

स्क्वाड्रनमध्ये मला अजून ‘नवा’च म्हणतात. माझ्याबरोबर आलेला दुसरा नवा वैमानिक माझ्याच खोलीत राहायचा. मंगळवारी सरावाला गेलेलं त्याचं विमान परत आलं नाही.

साहेब म्हणाले, “सामान तू बांध. त्याच्या आईला दोन ओळीही तूच लिही.”

मी लिहिलं, तो इथे रमला होता. खरं तर तो रोज म्हणायचा, “मला जमत नाही रे, घरी कसं सांगू?” मी ते हसण्यावारी न्यायचो. मलाही जमत नाही, हे त्याला कधी बोललो नाही.

उद्या माझं उड्डाण आहे. आईला वरच्या दोन ओळीच वाचून दाखव. पत्र तिच्या हातात देऊ नकोस, या वाकड्यातिकड्या अक्षरावरून ती सगळं ओळखेल.

तुझाच,
धाकटा