बरणीवरची आई

३ मार्च, रविवार
केटुराचं कार्ड आलं. माझ्या लेकीचं शिकागोत पहिलं मोठं प्रदर्शन, पंधरा तारखेला. कार्डावर तिने घडवलेल्या वस्तूचा फोटो: माणसाएवढी बिस्किटांची बरणी. जाडजूड काळी स्वयंपाकीण, डोक्याला फडकं, तोंड कानापर्यंत फाकलेलं. असल्या बरण्या गोऱ्यांच्या ओट्यावर असत. आम्हा काळ्यांच्या बाईची मुंडी उचलायची, बिस्कीट काढायचं, मुंडी परत ठेवायची. खाली नाव छापलंय, 'आजी'.
आजी म्हणजे माझी आई, ओला मे.
ठरलं. चूक तिची, तर फोनही तिनेच करायचा.

४ मार्च
फोन नाही. मी वाट बघत नाहीये. दिवसभर एका व्हॅनवर अक्षरं रंगवली. फोन शर्टाच्या खिशात ठेवला तो वेळ बघायला.

१० मार्च, रविवार
प्रार्थना संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये मी काढलेल्या आईच्या चित्रासमोर उभा राहिलो. निर्दोष. कॉलेजचं तोंड न बघता शिकलो, पण कातडीला ट्यूबमधला काळा रंग कधी लावला नाही. तपकिरी, निळा, जराशी लाली. गळ्यातल्या प्रत्येक मोत्याला वेगळा उजेड. फडकं काढलं, वजन थोडं उतरवलं, तेही प्रमाण साधायला. ओठ मिटलेले. पाद्रीबाईंनी विचारलं, या कुठल्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉल? चित्राला याहून मोठी दाद नाही.
व्हर्लीन मावशी मात्र म्हणाली, बाई देखणी आहे रे थर्मन, पण माझी बहीण दारातूनच हसत यायची. ही दारात उभी राहिली तर भाडं मागेल.
मावशीला मोतीबिंदू आहे.

१४ मार्च
भाषण तयार. विषय: आपली प्रतिष्ठा. आरशासमोर दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझेच डोळे भरून आले. केटुरा उद्या सगळ्यांसमोर रडेल, मी तिला जवळ घेईन, आणि बरणी झाकून टाकू. चादर गाडीत ठेवली आहे.

१५ मार्च, शुक्रवार
मावशीला घेऊन गेलो. वाटलं होतं, गोरे लोक वाइन पीत खिदळत असतील. सगळे गप्प उभे. मी घसा साफ करतोय तोवर मावशी काठी टेकत पुढे गेली, बरणीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, ओला, मेले, अजून हसतेच आहेस होय गं? आणि हसता हसता रडायला लागली.
माझं भाषण त्यामुळे घाईत झालं. म्हटलं, ज्यांनी आमची टिंगल केली त्यांच्याच दुकानात हिने आजी विकायला मांडली.
केटुरा रडली नाही. हळूच म्हणाली, डॅडी, फडकं तिचं होतं, हसूही तिचं. त्यांनी ते चोरून बरणीवर लावलं, मी परत आणतेय. तुम्ही मात्र ते त्यांच्याकडेच राहू दिलंत.
उत्तर माझ्याकडे होतं. पण मावशीला घरी पोचवायचं होतं, म्हणून निघालो. चादर गाडीतच राहून गेली.
आमच्या गावी, गॅरीला, मावशीला तिच्या दारापाशी सोडलं. उतरताना म्हणाली, पोर आहे तुझी ती, थर्मन. तू कोर्ट नव्हेस.

१८ मार्च
हसणारी आई मीही रंगवू शकतो. निव्वळ कौशल्याचा प्रश्न आहे. अल्बम काढले. एकूणएक फोटोत तोंड मिटलेलं. सगळे मीच काढलेले, म्हणून नीट आले आहेत.

२३ मार्च
दातांपाशी अडलं. फट मध्ये होती की डाव्या बाजूला? हसताना डोळे मिटायची का? तीनदा रंगवलं, तीनदा खरवडलं. हल्ली ब्रशच धड येत नाहीत. मावशीला विचारलं. म्हणाली, माहीत आहे, पण सांगणार नाही. लेकीला विचार.
फोन करण्याइतकी काही घाई नाही.

३० मार्च, शनिवार
शिकागोला गेलो, फक्त बरणीवरचे दात तपासायला. बरणी लाकडी खोक्यात बंद झाली होती, वर खिळे ठोकलेले. दूरच्या कुठल्याशा संग्रहालयाने घेतली. दाराशी टेबलामागे बसलेल्या मुलीने विचारलं, तुम्ही कलाकाराचे कोण? म्हटलं, कोणी नाही. पाट्या रंगवतो.
एवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी हसलं. मोठ्यांदा, शेवटी श्वास आत ओढत. आईला जाऊन नऊ वर्षं झाली.
मुलगी म्हणाली, केटुरा आत आहे, बोलावू का?
म्हटलं, नको, कामात असेल. हसू संपेपर्यंत उभा राहिलो. मग पार्किंगची वेळ भरत आली असेल म्हणून निघालो.
बाहेर पार्किंगचा मीटर बघितला. पैसे भरलेला तासाभराहून जास्त वेळ शिल्लक होता. गाडीत बसून तो संपवला.