झालं म्हटल्यानंतरचा फोटो

दि. ७ मार्च

ती. दादास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा आलं आणि आज एका दंतवैद्याच्या जिन्यात बसून वाचलं. आत त्यांची नवी खुर्ची फोटोसाठी पुसली जात होती, तेवढीच काय ती सवड. चेहऱ्याची नस सुजून तोंड वाकडं झाल्यापासून तू फोन घेणंच सोडलंस. प, ब, भ, म ओठांतून निसटतात म्हणे. आधी मला राग आला होता. पण खरं सांगू? फोनवर तू कधी चार वाक्यांच्या वर गेला नाहीस, पत्रात मात्र पानंच्या पानं माझी टर उडवतोस. हा सौदा मला परवडला.

या आठवड्याचं ऐक. सोमवारी भांड्यांच्या कारखान्याचा कॅटलॉग. चकचकीत पातेल्याचा फोटो काढायला जावं तर त्यात आपलाच फोटो निघतो, प्रत्येक पातेल्यात मी, पोट सुटलेली आणि डोकं चपटं. शेवटी काळी चादर अंगावर घेतली, भिंगापुरतं भोक पाडलं आणि दिवसभर भुतासारखी वावरले. मालकांच्या आई कारखाना बघायला आल्या होत्या, त्या दारातूनच परत गेल्या. मंगळवारी दोन दिवसांचं बाळ. ते झोपेपर्यंत दुपार झाली, आणि झोपलं तेव्हा त्याचे वडील शिंकले. बुधवारी नव्या पुलाचं काम, कमरेला दोर बांधून (हे वहिनीला वाचून दाखवू नकोस). घरात एकही प्लग रिकामा नाही, सगळीकडे बॅटऱ्या चार्जिंगला. काल फ्रिजची पिन काढून तिथे एक लावली, तर दूध नासलं.

आता मुद्द्याचं. एका विमा कंपनीने त्यांच्या सगळ्या माणसांचे फोटो माझ्याकडून काढून घेतलेत. नुसता चेहरा आणि खांदे, दारावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत. हे काम नीट झालं तर त्यांच्या बाकीच्या शहरांतल्या कचेऱ्याही मलाच मिळतील. प्रत्येकाचे पाच फोटो आहेत, त्यातला एक निवडायचाय, आणि मला बूड टेकायला वेळ नाही. पडद्याकडे पाहिलं की तुझा डोळा पाणावतो, म्हणून छापून पाठवतेय. एका पानावर एका माणसाचे पाचही. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर तिरकं असलं तरी ज्याला जेवण जात नाही, त्याच्यापेक्षा बारीक नजर मी आणखी कुठे शोधू?

आणि तुझा एक फोटो काढायला मी येणार आहे. हे तिसऱ्यांदा लिहितेय.

उत्तर धाड. रागावायचं असेल तर रागावून धाड, पण धाड.

तुझी,
भिंगरी


दि. १३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पुलाचं वाक्य मी वाचताना गाळलं होतं. तुझ्या वहिनीला संशय आला, तिने पत्र हातातून घेऊन स्वतः वाचलं. आता तुझं तू निस्तर.

फोटोंची पानं मिळाली. जेवणाचं टेबल त्यांनी भरून गेलं, तीन दिवस आम्ही ओट्याशी उभं राहून जेवलो. भिंगरे, मी थक्क झालो. इतकी माणसं, आणि प्रत्येकाशी तू काहीतरी वेगळं बोलली असणार हे दिसतं. मी इतकी वर्षं भूमिती शिकवतोय, पण वर्गातल्या कितीतरी चेहऱ्यांकडे मी धड पाहिलंही नसेल. तू एका जागी बसत नाहीस म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. ही पोर कधी स्वस्थ बसून काही करेल का, असं आई विचारायची. स्वस्थ न बसताच किती केलंस, हे पाहायला ती हवी होती.

निवड अगदी शास्त्रशुद्ध केली आहे. कपाळाच्या मध्यापासून हनुवटीपर्यंत फूटपट्टी धरायची, दोन्ही बाजू मोजायच्या, ज्यात फरक कमी तो फोटो घ्यायचा. बहुतेकांचा दुसरा नाहीतर तिसरा निघाला. पाचव्या फोटोला मात्र तुझा हात घाईचा दिसतो. कुणाची मान कललेली, कुणाची एकच भुवई वर, कुणाचं हसू एका गालावर सांडलेलं. पाचवा एकही घेतला नाही. नंबरांची यादी सोबत जोडली आहे.

माझं ठीक चाललंय. डोळा आता मिटतो. बाकीचं हळूहळू येईल, थोडं राहूनही जाईल, असं डॉक्टर म्हणतात. शाळेत परीक्षा विभागात बसायचं ठरतंय. वेळापत्रकं लावायची, गुण तपासायचे. खोली शांत आहे, खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते. मला त्याचं काही वाटत नाही.

माझ्या फोटोचं डोक्यातून काढून टाक. जुने आहेत ते पुरेत.

वेळेवर खा, पुलावर चढू नकोस, आणि चढलीसच तर लिहू नकोस. माया आहे तशीच आहे.

तुझा,
दादा


दि. १४ मार्च

चि. भिंगरीस,
वहिनीचे आशीर्वाद.

पुलाबद्दल भेटल्यावर बोलू. हे पत्र यांच्या नकळत लिहितेय.

त्या शांत खोलीवर विश्वास ठेवू नकोस. ती यांना कुणी दिलेली नाही, यांनीच मागून घेतली आहे. मुख्याध्यापिका बाई घरी येऊन सांगून गेल्या, की वर्ग तुमची वाट बघतोय. यांनी वेळ मागून घेतला, आता महिनाअखेर काय ते कळवायचं आहे. एकदा त्या खोलीत जाऊन बसले की हे पुन्हा फळ्यापुढे उभे राहणार नाहीत. मी ओळखते ना यांना. आणि फळ्याशिवाय हे म्हणजे नुसते घरात ठेवलेले.

आजारानंतर एकदा वर्गावर गेले होते. परिमिती हा शब्द म्हणताना मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. पोरंच ती, खिडकीतल्या कावळ्यालाही हसतात. पण हे तास अर्धा टाकून घरी आले, ते आजतागायत घरीच आहेत. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. दाढी चाचपून करतात आणि मग हनुवटीला कापूस लावून फिरतात.

तुझी पानं आली आणि घरात जरा जीव आला. मी शेजारी बसून बघत होते. एक बाई आहेत, एकाच गालाला खळी पडते अशा. मला त्यांचा शेवटचा फोटो फार आवडला, मी म्हटलं की हाच घ्या. तर हे म्हणाले, वाकडा आलाय. असं म्हणून फूटपट्टी पुढच्या पानावर ठेवली. भिंगरी, हे तुझ्यासाठी फोटो निवडत नव्हते गं. सरळ चेहरे शोधत होते.

तुझ्या कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून कळवलं. यांच्यावर रागावू नकोस आणि मी लिहिलं हे कळू देऊ नकोस. आम्हां दोघांवर जीव आहे तेवढा राहू दे.

तुझी,
वहिनी


दि. २० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, घोटाळा झाला, आणि निम्मा माझ्यामुळे. तुझे नंबर आले त्या दिवशी मी एका हॉटेलच्या खोल्यांचे फोटो काढत होते, दर खोलीत तीच उशी थोपटून थोपटून हात भरून आले होते. न बघताच तुझे नंबर पुढे पाठवले.

काल विमा कंपनीतल्या बाईंचा फोन आला. फोटो स्वच्छ आहेत, सरळ आहेत, आणि एकालाही आपला फोटो आवडलेला नाही. एकाच्या बायकोने विचारलं की हे कोण. पहारेकरी म्हणाला, असे फोटो पोलीस चौकीत लावतात. मोठे साहेब म्हणाले, इंजेक्शनच्या रांगेत उभे केल्यासारखे दिसतोय आम्ही. पुढच्या शुक्रवारपर्यंत नवी निवड द्यायची आहे, नाहीतर बाकीच्या कचेऱ्या गेल्या हातच्या.

आता तुला धंद्यातली एक गोष्ट सांगते, कुणाला सांगत नाही अशी. मी चार फोटो काढते, मग झालं म्हणते, आणि कॅमेरा खाली घेता घेता पाचवा काढते. झालं म्हटलं की माणूस सुटतो. खांदे उतरतात, मान जशी कलायची तशी कलते, हसू आपल्या नेहमीच्या गालावर जाऊन बसतं. पहिले चार मी मागितलेले असतात, पाचवा त्याने दिलेला असतो. तू ज्याला घाईचा हात म्हणालास, त्यावर माझं घर चालतं.

इतके चेहरे पाहिले, पण दोन्ही बाजू सारख्या असलेला एकही भेटला नाही. एकदा गंमत म्हणून मी माझ्याच फोटोचा उजवा अर्धा भाग उलटा करून डावीकडे जोडला. नाक, डोळे, सगळं मापात. आईनेसुद्धा मला घरात घेतलं नसतं.

सगळ्यांचे पाचवे मी डोळे मिटून देऊ शकते, पण दरवेळी पाचवाच चांगला असतो असंही नाही, बघावं लागतं. आणि हाती घेतलेलं काम अर्धवट टाकायचं नाही, हे मला कुणी शिकवलं? फूटपट्टी आत ठेव. एकेका माणसाकडे बघ आणि एवढंच विचार, की याच्या शेजारी बसून लांबचा प्रवास करावासा वाटेल का. मला गरज आहे म्हणून सांगतेय. तुझी समजूत काढत बसायला मला वेळ कुठला?

त्या शांत खोलीबद्दल मात्र एकदाच लिहिते. मी गणितात नापास होऊन रडत होते, तेव्हा तू अंगणात खुंटी ठोकलीस, तिला दोरी बांधलीस, दुसरं टोक आणि खडू माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, पळ. पळून आले तर जमिनीवर वर्तुळ. मला भूमिती त्या दिवशी कळली, दादा. आता जी पोरं रडत असतील त्यांना कोण पळवणार? मला तुझा फार अभिमान आहे, आणि त्या मागच्या भिंतीचा फार राग.

नंबर वहिनीकडून फोनवर कळव. माझ्यावर चिडलास तरी चालेल, अबोला धरू नकोस.

तुझी,
भिंगरी


दि. २ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

कंपनीची माणसं खूश झाली आणि बाकीच्या कचेऱ्याही तुलाच मिळाल्या, हे तुझ्या वहिनीने फोन ठेवल्या ठेवल्या सांगितलं. पहारेकऱ्याने आपला फोटो घरी लावायला मागून नेला म्हणे. त्याचा पाचवा नव्हे, चौथा निवडला होता मी. तेवढं श्रेय माझं.

तुझं पत्र वाचून आधी मान खाली गेली. मग पानं पुन्हा मांडली. फूटपट्टीवाचून हात रिकामे वाटत होते. त्या एका खळीच्या बाईंपाशी अडलो. तुझ्या वहिनीने दाखवला होता तो फोटो मी वाकडा म्हणून टाकला होता. आता पाहिला, तर बाई काहीतरी विनोद सांगण्याच्या बेतात आहेत. मी निवडलेल्या फोटोत त्या नुसत्या भिंतीला टेकवून ठेवल्यासारख्या होत्या. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, तुझंच बरोबर होतं. तर ती पदराने डोळे पुसायला लागली. एवढ्याशा गोष्टीत रडण्यासारखं काय होतं, ते मला आरशापाशी गेल्यावर कळलं. तो मी सरळ केला आणि बराच वेळ पाहिलं. माझं हसू उजव्या गालावर गेलंय, डावा अजून विचार करतोय. अगदीच टाकाऊ नाही. पाचव्यात खपून जाईल.

सोमवारी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंना म्हटलं, त्या खोलीत दुसऱ्या कुणाला बसवा. मग नववीच्या वर्गावर गेलो. आत जाऊन आधीच सांगून टाकलं, की माझ्या तोंडाची एक बाजू सध्या कामचुकार झाली आहे, शब्द कळला नाही तर हात वर करा, मी फळ्यावर लिहीन. तासभर हात वर होत राहिले. फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. शेवटी मागच्या बाकावरच्या एकाने त्रिज्या या शब्दालाही हात वर केला, ज्यात ओठांचं काही कामच नाही. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, जेवढा हसता येतो तेवढा. घंटा झाली तरी कुणी उठेना.

रोज आरशापुढे भ घोटतोय. रविवारी सकाळी तुला फोन करीन. पहिला शब्द तुझं नाव असेल. नीट आलं नाही तर हसू नकोस. किंवा हस.

आणि सवड काढून ये. येताना कॅमेरा आण.

तुझा,
दादा


दि. ७ एप्रिल

सौ. वहिनीस,
सा. न.

काल दादाचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर उभी होते. समोर पायऱ्यांवर एका कॉलेजची म्हातारी मित्रमंडळी, पन्नास वर्षांनी भेटलेली. कुणी कुणाशेजारी उभं राहायचं यावरून त्यांचं भांडण चाललं होतं. काम चालू असताना मी फोन उचलत नाही, सगळ्या जगाला ठाऊक आहे. उचलला.

भ अर्धा हवेत गेला, वहिनी. बाकीचं नाव नीट पोचलं. त्या नावाने मला पहिली हाक मारली ती त्यानेच, आणि ती हाक मी इतके महिने फक्त वाचत होते. पुढे तो काय बोलला आणि मी काय बोलले ते त्यालाच विचार.

फोन खिशात टाकला, पायऱ्यांकडे बघून झालं म्हणाले. सगळी म्हातारी मंडळी एकदम सैल झाली, कुणी कुणाच्या खांद्यावर रेललं, कुणी पाठीत गुद्दा घातला, आणि मला भिंगातून काही म्हणजे काही दिसेना. तसंच बटण दाबलं.

आज तो फोटो पाहिला. सगळ्यांत चांगला तोच आलाय. चांगलाच तिरका आहे. दादासाठी एक प्रत सोबत पाठवतेय, भिंतीवर लावा म्हणावं, आणि फूटपट्टी घेऊन त्याच्या जवळ जायचं नाही.

पुढच्या रविवारी येते. पुलाबद्दल काय ते तेव्हाच बोलून घे.

तुझी,
भिंगरी