हरणाऱ्यानं उतरवायचा डाव

शनिवार, ता. ९

चि. बारक्यास,

आशीर्वाद. तुझ्या वहिनीचा गुडघा सोडला तर इकडे सगळं ठीक. दुकानात शाळेच्या गणवेशांची घाई आहे, काजं करून करून बोटं दुखताहेत.

तू ज्याचे गोडवे गायचास ते फोनवरचं बुद्धिबळ मीही पोरीकडून टाकून घेतलं. शिकायला नव्हे, त्याची लायकी बघायला. पायऱ्या ठेवल्यात म्हणे: नवशिका, मध्यम, तरबेज. मी सरळ तरबेजवर बसलो. चौदा खेळ्यांत मात! वहिनी हसली, "पडलात तरी नाक वरच." मग उतरलो नवशिक्यात. तिथं ते यंत्र वजीर फुकट देतं, पोराच्या हातावर गोळी ठेवावी तसं. मारायचीसुद्धा लाज वाटते. वर हिरवा बाण दाखवतं, घोडा इथं ठेवा. अरे, चाळीस वर्षं घोडे नाचवतोय मी, आणि हे डोंबलाचं मला शिकवणार! मध्यमवर चुकलो की विचारतं, 'पुन्हा विचार करणार का?' इतक्या नम्रपणे माझा अपमान तुझ्या सासूनंही कधी केला नव्हता.

हो, रोज खेळतो. त्यात विशेष काही नाही.

आता त्या रविवारचं. तू उंट फुकट टाकलास, मी हरलो आणि गिऱ्हाइकांसमोर ओरडलो, "ही चाल तुझ्या टाळक्यातली नाही, फोनवर बघून आलायस, लबाडा!" तू चष्मा खिशात घातलास आणि गेलास. चार महिने झाले. हरणाऱ्यानं डाव वहीत उतरवायचा हा आपला नियम, पण तो डाव मी उतरवला नाही. लबाडीचा डाव कोण उतरवतो?

पाठ मात्र होता. मंगळवारी तो पहिल्या खेळीपासून यंत्रात भरला, तुला रंगेहाथ पकडायला. तर तुझ्या उंटावर लाल ठिपका! खाली शब्द, 'घोडचूक'. मी प्यादं एक घर सरकवलं असतं तर तूच मेला असतास. तिन्ही पायऱ्यांवर तपासलं, एकाही बाणानं उंटाकडे बोट दाखवलं नाही. इतकी गाढव चाल कुठलंच यंत्र सांगणार नाही. ती आपल्या घराण्याचीच.

आणि ते प्यादं मला दिसलं नाही, हे माझं गाढवपण.

लबाड तू नव्हतास, बारक्या. मी चुकलो. त्या दिवशी दुकानात मास्तर होते ना, त्यांना काल मुद्दाम बोलावून हे सांगितलं. ते म्हणाले, "मला नका सांगू, त्याला सांगा." म्हणून हे पत्र, पोरीच्या हाती आजच पाठवतोय.

डाव काल वहीत उतरवला. एकतीस खेळ्या. खाली लिहिलं, 'हरला: दादा', आणि सही केली. उद्या ये. हवा तर उंट पुन्हा टाक. प्यादं सरकवीन की नाही, ते आल्यावर बघ.

तुझा,
चार महिने उशिरा हरलेला
दादा