‘तिसरी घंटा’ आणि तिच्या चार गायिका

मी, कमलाकर विष्णू खांबेटे, वय ७९, निवृत्त कान-नाक-घसा सर्जन, राहणार नॉटिंगहॅम. यकृताने हात टेकले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. कुणाच्याही दडपणाशिवाय लिहितो. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. सेव्हिंग्ज माझा मुलगा सुश्रुत, इल्फर्ड, याला. “बाबा, बँड पुरे आता,” हे त्याचं वीस वर्षांचं पालुपद. त्याने बँडमध्ये नाक खुपसू नये.

२. ‘तिसरी घंटा’ हा बँड आम्ही १९८१ साली हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये काढला. गायिका माझी पत्नी आसावरी. सगळी गाणी मी तिच्या उंच पट्टीत, काळी पाचमध्ये बांधली. १९९६ला ती गेली, पट्टी मात्र मी उतरू दिली नाही. मग सुमेधा आली. “काका, मी काय आसावरीकाकूंचं भूत आहे का?” म्हणून दोन वर्षांत स्टॅनमोरला निघून गेली. शहाणी पोरगी.

३. नंतर नीना. अकरा वर्षं गायली. तिचा गळा खालच्या पट्टीचा, पांढरी चारचा. “डॉक्टर, एकदा तरी खाली घ्या ना!” मी म्हणायचो, लोकांना आसावरीच हवी आहे. लोकांना कसली, मला हवी होती. २००९च्या दिवाळी कार्यक्रमाआधी तिचा घसा मीच तपासला. स्वरतंतूंवर गाठी स्पष्ट दिसत होत्या. “सर्दी आहे, गरम पाणी पी,” असं सांगून तिला स्टेजवर उभं केलं. तिसऱ्या गाण्यात आवाज फाटला. पुढे ऑपरेशन झालं, पण गाणं गेलं ते गेलंच. गाठी मला दिसल्या होत्या हे मी तिला कधीच सांगितलं नाही. हा नीचपणा माझा एकट्याचा.

४. कीबोर्ड, गाणी आणि बँडचं नाव सध्याची गायिका अक्षया हिला. तिने हवी ती पट्टी घ्यावी. आसावरीचा फोटो स्टेजवर लावू नये.

५. राहतं घर नीनाला.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर: आज सकाळी नीनाला बोलावून कलम तीन आणि पाच वाचून दाखवली. ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “साक्षीदाराला काही मिळत नाही ना, डॉक्टर?”

मी म्हटलं, इथला कायदा तसाच आहे. सही केलीस की तुझा वाटा रद्द.

“मग पेन द्या.”

कलम पाच मी खोडलेलं नाही.

ठिकाण: नॉटिंगहॅम. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४.
सही: कमलाकर विष्णू खांबेटे

दोघांसमक्ष सही झाली. साक्षीदार:
प्रणव दिघे. व्यवसाय: अकाउंटंट, बँडचा ड्रमर.
नीना कारखानीस. व्यवसाय: गायिका होते.